आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता नेमकी कोणाला असते: संस्थेला, अभ्यासक्रमाला की तुकडीला?

निंबोणी (धागाकर्ती)

दर वर्षी जून संपता संपता, नागपुरात पहिला पाऊस पडून कूलरमधले गवत काढायचे की अजून आठवडाभर राहू द्यायचे यावर घरोघरी चर्चा चालू असते त्या दिवसांत, मला एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात. मुलीचे किंवा मुलाचे एम.ए. मानसशास्त्र झालेले असते, पुढे 'क्लिनिकल', म्हणजे रुग्णांसोबत काम करण्याचे शिक्षण, करायचे असते, कुठल्या तरी संस्थेने प्रवेशासाठी तगादा लावलेला असतो आणि अभ्यासक्रम 'मान्यताप्राप्त' असल्याचे सांगितलेले असते. मी विचारते की मान्यता कोणाची, कशाला आणि कधीपर्यंत. त्यावर बहुतेक वेळा पलीकडे शांतता पसरते.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्या धंतोलीतल्या दवाखान्यात आले. त्यांच्या हातात एका संस्थेचे माहितीपत्रक होते. संस्थेचे नाव येथे लिहिण्याची गरज नाही, कारण अशी माहितीपत्रके मी डझनाने पाहिली आहेत. जाड चकचकीत कागद, पहिल्या पानावर नॅकचा ग्रेड, त्याखाली विद्यापीठाशी संलग्नता, त्याखाली आयएसओचा गोल शिक्का आणि मधोमध ठळक अक्षरांत 'मान्यताप्राप्त' हा शब्द. मान्यता देणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नव्हते. मागच्या पानावर, शुल्काच्या तक्त्याखाली, बारीक अक्षरांत एक वाक्य होते: भारतीय पुनर्वास परिषदेकडे मान्यतेसाठी अर्ज सादर केला आहे. मुलीने ते वाचले होते. अर्ज केला आहे म्हणजे मान्यता येणारच, अशी तिची समजूत होती आणि शुल्काचा पहिला हप्ता दोन दिवसांनी भरायचा होता.

म्हणून हा धागा. मी १९ वर्षे या व्यवसायात आहे आणि जे मला नीट माहीत आहे तेवढेच लिहिते.

भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आपण जिला आरसीआय म्हणतो ती, १९९२ च्या कायद्याने वैधानिक संस्था झाली आणि १९९३ पासून तो कायदा अमलात आहे. अपंग व्यक्तींच्या पुनर्वसनासाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांचे शिक्षण आणि त्यांची नोंदणी हे तिचे काम, आणि त्या व्यावसायिकांच्या यादीत वाचा-श्रवण तज्ज्ञ, विशेष शिक्षक यांच्याबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही येतात. परिषद दोन गोष्टी करते: अभ्यासक्रमांना मान्यता देते, आणि तो अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यांची नावे केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत घेते. पहिली गोष्ट नसेल तर दुसरी होत नाही. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' या शब्दाची जी व्याख्या केली तीही याच परिषदेच्या मान्यतेला बांधलेली आहे. म्हणजे एखाद्याने कितीही मन लावून शिक्षण घेतले तरी अभ्यासक्रमाला मान्यता नसेल, तर कायद्याच्या लेखी तो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मान्यता इमारतीला मिळत नाही, ट्रस्टला मिळत नाही आणि विद्यापीठाच्या नावालाही मिळत नाही. ती एका विशिष्ट अभ्यासक्रमाला, एका विशिष्ट ठिकाणी, ठरावीक जागांसाठी आणि ठरावीक शैक्षणिक वर्षांसाठी मिळते. एसटीचा पास जसा नाव, मार्ग आणि मुदत पाहून चालतो, नुसता एसटीचा आहे म्हणून कंडक्टर तो स्वीकारत नाही, तसेच हे आहे. एकाच संस्थेचा विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम मान्य असू शकतो आणि क्लिनिकल सायकॉलॉजीचा नसू शकतो. गेल्या तुकडीला मान्यता होती आणि या तुकडीच्या वेळी मुदत संपलेली होती, असेही घडते. मंजूर जागांपेक्षा जास्त प्रवेश दिले गेले तर जास्तीच्या मुलांची नोंदणी अडते. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते. त्या यादीत संस्थेचे नाव शोधून थांबू नका. नावापुढचा अभ्यासक्रम, जागा आणि वर्ष हे तिन्ही वाचा.

सध्या गोंधळ अधिक आहे, कारण पायाच बदलतो आहे. आजवर या व्यवसायाचे मुख्य दार म्हणजे एम.ए. किंवा एम.एस्सी. नंतरचा दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच बंद करायचे ठरवले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी तसे केलेही. धोरणकर्त्यांच्या डोळ्यांपुढे पीएच.डी.च्या आधीची संशोधनाची पायरी होती. आपला एम.फिल. नावापुरताच तसा होता. प्रत्यक्षात तो रुग्णालयात घडणारा व्यावसायिक अभ्यासक्रम होता. ही चूक लक्षात आल्यावर आयोगाने क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोनच विषयांच्या एम.फिल.ला २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुभा दिली. दरम्यान परिषदेने चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स, दोन वर्षांची एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि साय.डी. (मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट) अशी नवी रचना आणली. त्यामुळे आज 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पदव्या बाजारात आहेत: एक परिषदेने मान्य केलेली, आणि दुसरी विद्यापीठाने पूर्वीपासून विशेष विषय म्हणून दिलेली. पदवीच्या कागदावर फरक कळणार नाही. नोंदणीच्या खिडकीवर कळेल.

प्रश्न विचारावेत. गोपनीयतेमुळे संस्थांची नावे मात्र लिहू नयेत, ही विनंती.

बर्डीचा बाबा

ताई, धाग्याबद्दल आभार. माझा मुलगा आता बारावीत आहे, म्हणून अजून वेळ आहे. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की महाविद्यालयाला नॅकचा उत्तम ग्रेड असताना पुन्हा दुसऱ्या परिषदेच्या मान्यतेची गरज का असावी. आम्ही सामान्य पालक नॅक पाहूनच महाविद्यालय निवडतो, आणि आता तो आधारही पुरेसा नाही म्हटल्यावर माणसाने धरायचे तरी काय?

निंबोणी

प्रश्न अगदी योग्य आहे. नॅक ही १९९४ साली स्थापन झालेली संस्था महाविद्यालयाचे किंवा विद्यापीठाचे एकंदर मूल्यांकन करते: ग्रंथालय, निकाल, संशोधन, कारभार, विद्यार्थ्यांसाठीच्या सोयी. त्यात इतिहास विभागही आला आणि वसतिगृहही आले. तिथले मानसशास्त्राचे विद्यार्थी रुग्णासमोर बसण्यास तयार होतात की नाही, हा प्रश्न तिथे विचारला जात नाही, आणि विचारला जावा अशी अपेक्षाही नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाबतीत आपण हा फरक सहज ओळखतो. नॅकचा ग्रेड कितीही चांगला असला तरी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या परवानगीशिवाय एम.बी.बी.एस.ला कोणी प्रवेश घेणार नाही. मानसशास्त्राच्या बाबतीत मात्र कला शाखेचा विषय म्हणून आपण त्याकडे पाहत आलो, त्यामुळे दुसरी परवानगी विचारायची सवयच लागली नाही. मुलगा बारावीत आहे तर एक सांगून ठेवते: साधे बी.ए. मानसशास्त्र आणि परिषदेची मान्यता असलेली बी.एस्सी. ऑनर्स यांचे पुढचे रस्ते आता वेगळे होत आहेत, म्हणून निवड तिथूनच सुरू होते.

शाळेतली मावशी

मी नागपुरातल्या एका शाळेत ११ वर्षे समुपदेशक आहे. माझे एम.ए. झाले आहे, समुपदेशनाचा पदव्युत्तर डिप्लोमा झाला आहे आणि आरसीआयची नोंदणी माझ्याकडे नाही, कारण माझ्या कामाला ती लागत नाही. अशा चर्चा वाचल्या की आम्ही सगळे भोंदू आहोत असा सूर उमटतो आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी हातपाय गार पडलेल्या मुलाला शांत करणे, आईवडिलांच्या भांडणात सापडलेल्या मुलीला शाळेत एक सुरक्षित खोली देणे, शिक्षकांना समजावणे, या कामाला रोर्शाक चाचणीची शाईच्या डागांची दहा पत्रे लागत नाहीत. मला माझी मर्यादाही कळते. मूल स्वतःला इजा करते आहे असे दिसले की मी त्याच दिवशी पालकांना बोलावून पुढे पाठवते. मग माझ्या शिक्षणाला मान्यता नाही असे म्हणणे म्हणजे नेमके काय?

निंबोणी

मावशी, आपला राग रास्त आहे आणि माझ्या लिहिण्यातून तसा सूर उमटला असेल तर चूक माझी. समुपदेशक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांत वरचे-खालचे काही नाही. आपण मूल योग्य दिवशी पुढे पाठवता म्हणून माझ्याकडे ते वेळेत पोचते.

तरीही एक गोष्ट आपल्यालाही लागू होणार आहे. २०२१ साली संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात वर्तन-आरोग्य विज्ञान असा एक गट आहे, आणि त्यात मानसशास्त्रज्ञ, वर्तन विश्लेषक, आरोग्य समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते अशी अनेक नावे आहेत. मानसशास्त्रज्ञ या शब्दापुढे एक अपवाद लिहिलेला आहे: आरसीआयच्या कक्षेतील क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून. म्हणजे आजवर ज्यांना कोणीच विचारत नव्हते, त्यांच्यासाठीही अभ्यासक्रमाचे किमान निकष आणि नोंदवही येऊ घातली आहे, आणि एकाच विषयाची दोन घरे होणार आहेत. हे शहाणपणाचे आहे का, याबद्दल मला शंका आहे. नैराश्याचा रुग्ण पाहणारी मी पुनर्वसनाच्या परिषदेत, आणि मधुमेहाच्या रुग्णाला सवयी बदलायला मदत करणारी माझी मैत्रीण आरोग्याच्या आयोगात, ही विभागणी कामाकडे पाहून झालेली नाही. कोणता कायदा आधी झाला यावरून झाली आहे.

अजनीकर परदेशी

मी मूळची अजनीची आहे आणि सध्या अमेरिकेत काउन्सेलिंग सायकॉलॉजीत पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे. तुलनेचा मोह टाळायला हवा हे मान्य करूनही थोडे लिहिते, कारण मान्यता म्हणजे काय हे मला इथे आल्यावरच समजले.

इथे अभ्यासक्रमांना मान्यता देणारा आयोग अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या छत्राखाली चालतो. त्याची सुरुवात कुठल्याही शैक्षणिक तत्त्वज्ञानातून झालेली नाही. ती गरजेतून झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या रुग्णालयांना मानसशास्त्रज्ञ हवे होते आणि कोणत्या विद्यापीठात ते नीट घडतात हे सरकारला कळत नव्हते. त्यांनी असोसिएशनला यादी मागितली, आणि १९४८ साली पहिल्या अभ्यासक्रमांना मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी परिषद भरली आणि मानसशास्त्रज्ञाने संशोधकही असावे आणि उपचारकही, हा साचा ठरला. तो सगळ्यांना पटला नाही. १९७३ साली कोलोरॅडोतल्याच व्हेल गावी भरलेल्या परिषदेत उपचारावर भर देणाऱ्या साय.डी.ला जागा मिळाली. माजी सैनिकांची रुग्णालये आजही नोकरी देताना मान्यताप्राप्त अभ्यासक्रम झाला आहे का हेच विचारतात.

मला दोन फरक जाणवले. पहिला असा की इथे अभ्यासक्रमाला मान्यता देणारा वेगळा आणि माणसाला परवाना देणारा वेगळा. परवाना राज्याचे मंडळ देते, त्यासाठी पदवीनंतर स्वतंत्र परीक्षा आणि देखरेखीखालचे तास लागतात. आपल्याकडे एकच परिषद अभ्यासक्रमही मान्य करते आणि नोंदणीही करते, त्यामुळे अभ्यासक्रम पास झाला की पुढे वेगळी परीक्षा नसते. दुसरा फरक मला अधिक मोलाचा वाटतो. मान्यता असलेल्या प्रत्येक डॉक्टरेट अभ्यासक्रमाला आपली आकडेवारी संकेतस्थळावर उघड ठेवावी लागते: पदवी पूर्ण व्हायला किती वर्षे लागली, खर्च किती, किती विद्यार्थी मध्येच सोडून गेले, किती जणांना इंटर्नशिप मिळाली, किती जणांना परवाना मिळाला. मी प्रवेश घेण्याआधी तीन विद्यापीठांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते, आणि त्यातल्या एकाचे नाव गळतीचा आकडा पाहूनच खोडले. बाबा फोनवर म्हणाले होते की असे तर आपण कूलरसुद्धा घेत नाही.

इथेही सारे आलबेल नाही. इंटर्नशिपच्या जागा विद्यार्थ्यांपेक्षा कमी पडल्याची वर्षानुवर्षे ओरड होती, आणि २००७ साली संशोधनप्रधान विभागांनी वेगळी मान्यताव्यवस्था उभी केली, कारण जुनी त्यांना फार कागदी वाटत होती. कागदांबद्दलची तक्रार सगळीकडे सारखीच दिसते.

निवृत्त शाखाधिकारी

मी मानसशास्त्रातला नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. धाग्यामुळे कायदा उघडून वाचला. १९९२ च्या कायद्याच्या १३ व्या कलमात नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हजार रुपये! एका सत्राचे शुल्क त्याहून जास्त असते.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. राज्यात सरकारी मनोरुग्णालये चार: ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि आपले १८६४ सालचे नागपूर. विदर्भाचे अकरा जिल्हे. सिरोंच्याहून नागपूर गाठायचे तर दिवस मोडतो. अशा ठिकाणी तुम्ही नियम जितके कडक कराल तितकी जागा मांत्रिकाला आणि यूट्यूबवरच्या बाबाला मोकळी होईल. अर्धे शिकलेला समुपदेशक बरा की कोणीच नसलेले बरे, याचे उत्तर धंतोलीत बसून देणे सोपे आहे.

निंबोणी

काका, धंतोलीचा टोला मान्य. सिरोंच्याबद्दल आपण जे म्हणता त्याच्याशी मी अर्धी सहमत आहे. अडचण कडकपणात नसून एका गाठीत आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही. अभ्यासक्रम मान्य होण्यासाठी शिकवणारा माणूस स्वतः परिषदेकडे नोंदलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असावा लागतो, आणि जागांची संख्या अशा शिक्षकांच्या संख्येवर ठरते. हे योग्यच आहे. न पोहणाऱ्याने पोहायला शिकवू नये. परंतु याचा परिणाम असा होतो की जिथे मुळात असे लोक आहेत तिथेच अभ्यासक्रम सुरू होतो, तिथली मुले शिकून बहुधा तिथेच राहतात, आणि जिथे लोक नाहीत तिथे अभ्यासक्रमही येत नाही. आपली मुले रांचीला, बंगळूरला जातात आणि त्यांतली फार थोडी परत येतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे पद असते, पण पद असणे आणि माणूस असणे यांतले अंतर आपल्यासारख्या बँकेतल्या माणसाला सांगायला नको.

अर्ध्या शिक्षणाबद्दल मात्र मी सहमत नाही. सिरोंच्यातल्या आशा स्वयंसेविकेला लक्षणे ओळखायला आणि पुढे पाठवायला शिकवा, ते पूर्ण शिक्षण आहे, छोटे असले तरी पूर्ण. अर्धे शिक्षण म्हणजे ज्याला आपण कुठे थांबायचे हे शिकवलेलेच नाही ते.

खडू आणि फळा

मी २४ वर्षे मानसशास्त्र शिकवले आणि दोन तपासण्यांच्या वेळी विभागात हजर होतो, म्हणून 'कागदी' या शब्दावर थोडे लिहितो. विभाग कोणता हे विचारू नये.

तपासणीच्या आदल्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत एका मैत्रीच्या महाविद्यालयातून ऑटोतून चाचण्यांचे संच आले. भाटिया बॅटरी या बुद्धिमापन चाचणीची लाकडी पेटी होती, बुद्धिमापनाचे आणखी दोन संच होते, आणि रोर्शाकची पत्रे सेलोफेनमध्ये गुंडाळलेली, म्हणजे पाठवणाऱ्यांनीही ती कधी उघडलेली नव्हती. मी शिपाई काकांबरोबर ते सारे कपाटात मांडले आणि वर नोंदवहीचे क्रमांक चिकटवले. दुसऱ्या दिवशी समितीतल्या एका बाईंनी भाटियाची पेटी उघडली, त्यातले कोहचे ठोकळे हातात घेतले आणि आमच्या सर्वांत तरुण सहकाऱ्याला म्हणाल्या, मला अज्ञान मूल समजा आणि सूचना द्या. तो बिचारा पुस्तकातले वाक्य आठवू लागला. बाईंनी काहीही न बोलता पेटी बंद केली. त्या वर्षी आम्हाला मान्यता मिळाली नाही, आणि संध्याकाळी तर्री-पोहे खाताना मला मनातून फार बरे वाटले होते, हे आज पहिल्यांदा कबूल करतो.

मला यातून असे वाटते की तपासणी कागदी असते की खरी, हे तपासणीच्या छापील नमुन्यावर ठरत नाही. येणारा माणूस पेटी उघडतो की नाही यावर ठरते.

एक गोष्ट नागपूरकरांसाठी सांगावीशी वाटते. मुलांच्या सामाजिक परिपक्वतेची जी व्हाइनलँड श्रेणी भारतभर बौद्धिक अक्षमतेच्या मूल्यमापनासाठी वापरली जाते, तिचे भारतीय रूपांतर फादर मालिन यांनी नागपुरातल्या बाल मार्गदर्शन केंद्रात काम करताना केले. एकूण ८९ बाबी आहेत: मूल स्वतःच्या हाताने पेल्यातून पिते का, एकटे शेजारी जाते का, अशा. भारतीय मुलांसाठीची मालिन यांची बुद्धिमापन चाचणीही इथलीच. देशातल्या कुठल्याही मान्य अभ्यासक्रमात विद्यार्थी ही साधने शिकतो, आणि ती ज्या गावात घडली तिथल्या अनेक मुलांना मात्र शिकण्यासाठी गाव सोडावे लागते.

निंबोणी

सर, पेटीची गोष्ट वाचून मला माझे पहिले वर्ष आठवले. मी महाराष्ट्राबाहेरच्या एका मनोरुग्णालयात शिकले. पहिला केस-इतिहास मी तीन रात्री जागून लिहिला, तेरा पाने. माझ्या सुपरवायझर बाईंनी तो लाल पेन्सिल घेऊन वाचला आणि समासात एकच प्रश्न सात ठिकाणी लिहिला: हे रुग्णाने सांगितले, की तुम्हाला वाटले? सातव्या ठिकाणी पेन्सिलचे टोक मोडले होते. तो कागद माझ्याकडे अजून आहे. मला व्यवसाय त्या प्रश्नाने शिकवला, आणि तो प्रश्न कोणत्याही मान्यतापत्रावर लिहिलेला नसतो.

म्हणून यादीतली पडताळणी झाली की फोन उचलून, किंवा शक्य असेल तर गाडी पकडून, आत्ता शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना गाठावे. संस्थेच्या कार्यालयाला विचारून उपयोग नाही. तुमचा केस-इतिहास कोण वाचतो, किती दिवसांत परत येतो आणि त्यावर काय लिहिलेले असते, एवढेच विचारावे. नियमाप्रमाणे केस-नोंदी, चाचण्यांचे अहवाल, उपचारांच्या नोंदी आणि प्रबंध हे सगळे सादर करावेच लागते; पण सादर करणे आणि वाचले जाणे यांत फरक आहे. रुग्ण कुठे भेटतात हेही विचारावे. स्वतःचा वॉर्ड नसलेल्या संस्था दुसऱ्या रुग्णालयाशी करार करतात, त्यात गैर काही नाही, परंतु करार आठवड्यातून एका सकाळचा असेल तर दोन वर्षांत हाताखालून फारसे काही जाणार नाही.

मिहान मेट्रो

मी विद्यार्थिनी आहे. मी नोकरी करत दूरशिक्षणाने एम.ए. मानसशास्त्र करत आहे. माझे दुसरे वर्ष चालू असतानाच मानसशास्त्र दूरशिक्षणाने बंद झाल्याची बातमी वाचली. खापरीहून बर्डीपर्यंत रोज मेट्रोत उभ्याने नोट्स वाचल्या आहेत, ते सगळे वाया गेले का? वर्गात बसून शिकण्याची ऐपत असती तर आम्ही दूरशिक्षण निवडलेच नसते, हे नियम करणाऱ्यांना कोणी सांगावे.

निंबोणी

वाया गेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या त्या आरोग्यसेवा कायद्यात येणारे विषय, मानसशास्त्रासह, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवू नयेत असे सांगितले. ते नव्या प्रवेशांबद्दल आहे; आपण त्याआधी प्रवेश घेतलेला आहे. आपली पदवी पदवीच राहील. पुढे रुग्णसेवेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा असेल तर मात्र त्या त्या संस्थेची पात्रता-अट शब्दशः वाचा, कारण नियमित पद्धतीने घेतलेली पदवी मागणाऱ्या संस्था आहेत. अट पाळली जात नसेल तर प्रवेशाच्या वेळी कोणी अडवत नाही, दोन वर्षांनी नोंदणीच्या वेळी अडवतात.

ऐपतीबद्दल आपण जे लिहिले आहे त्याला माझ्याकडे उत्तर नाही. रुग्णासमोर बसायला पडद्यावरून शिकता येत नाही हे खरे, आणि वर्गात बसायला पगार सोडावा लागतो हेही तितकेच खरे.

बर्डीचा बाबा

ताई, त्या चकचकीत माहितीपत्रकवाल्या मुलीचे पुढे काय झाले?

निंबोणी

तिची परवानगी घेऊन लिहिते. हप्ता भरायच्या आदल्या दिवशी तिने माझ्या दवाखान्यातूनच संस्थेला फोन लावला. मान्यतेच्या पत्राची प्रत मेलवर पाठवाल का, असे विचारले. पलीकडच्या बाई फार गोड बोलत होत्या. पत्र प्रक्रियेत आहे, दिवाळीपर्यंत येईल, आजवर सर्वांचे झाले आहे, आपण जागा तेवढी अडवून ठेवा, असे त्यांनी सांगितले. मुलीने वहीत लिहून घेतले: पत्र नाही. मग तिने दुसरा प्रश्न विचारला की आधीच्या तुकडीतल्या कोणाचा नोंदणी क्रमांक मिळेल का. त्यावर ही पहिलीच तुकडी असल्याचे कळले. 'आजवर सर्वांचे' म्हणजे कोणाचे, असे ती विचारणार होती, पण वडिलांनी हाताने थांबवले.

पैसे भरले गेले नाहीत. वडील जाताना थोडे खट्टू होते, कारण एक वर्ष जाणार. तूर्त ती एका विशेष शाळेत सकाळी मदतनीस म्हणून जाते आणि दुपारी प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते. परवा तिने एका मुलाबद्दल दीड पान लिहून आणले होते. मी घरातली लाल पेन्सिल शोधली, सापडली नाही, म्हणून निळ्या पेनाने दोन ठिकाणी तोच प्रश्न लिहून दिला. तिसऱ्या ठिकाणी तो तिने आधीच स्वतः लिहिलेला होता.